गप्प बसण्याचा रकाना

सिस्टरांना गप्प बसता येत नाही, हे आमच्या वर्गाला पहिल्याच दिवशी कळलं. पस्तीस वर्षं इस्पितळात काढलेल्या हेडसिस्टर त्या. पेशंटने तोंड उघडायचं ते थर्मामीटरसाठी, असा त्यांचा हिशेब. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉलेजात नाव घातलं ते प्रौढांना इंग्रजी शिकवण्याच्या अभ्यासक्रमाला, आणि तिथला पहिलाच नियम निघाला की शिकवणाऱ्याने कमी बोलावं.

नियम नुसता सांगण्यापुरता नव्हता. चाळीस मिनिटांच्या पाठात शिक्षक तेरा मिनिटांपेक्षा जास्त बोलला की पाठ नापास. मोजायचं काम आमच्याच अभ्यासक्रमातल्या दुसऱ्या कुणाचं. सिस्टरांच्या वाट्याला मी आलो. कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझा जन्म गेला. नोंद केल्याशिवाय मी खिळासुद्धा बाहेर जाऊ दिला नाही. माझ्या हातात एक घड्याळ आणि दोन रकान्यांचा कागद, डावीकडे शिक्षक, उजवीकडे विद्यार्थी.

पहिल्या पाठाला सिस्टर एकतीस मिनिटं बोलल्या. दुसऱ्याला एकोणतीस.

"सुधारणा आहे," मी म्हणालो. "या चालीने अजून आठ पाठांत तेरावर याल."

"एकच पाठ उरलाय, स्टोअरवाले."

"म्हणूनच काळजी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू इंजेक्शन कुठे द्यायचं ते ठरवताहेत.

तिसराही पाठ गेला असता तर वर्ष वाया. पण सिस्टरांना वर्षाचं फार नव्हतं. सराव करायला त्यांना रविवार सकाळचा एक वर्ग मिळाला होता, कामधंदा सांभाळून इंग्रजी शिकणारी अकरा माणसं. पुढच्या सत्रात कॉलेज तो वर्ग प्रमाणपत्रवाल्यालाच देणार होतं. आपली अकरा माणसं कुणा भलत्याच्या हाती जाणार, हे सिस्टरांना ड्यूटी अर्धवट टाकून घरी गेल्यासारखं वाटत होतं.

तेव्हा तिसऱ्या पाठाची त्यांनी कसून तयारी केली. विषय: डॉक्टरांना दुखणं सांगणं. कितव्या मिनिटाला कोणता प्रश्न, कुणाला, आणि त्याचं अपेक्षित उत्तर काय, सगळं तीन पानांवर. परीक्षक मॅडमना देण्यासाठी एक प्रत हवी होती. ती त्यांनी रविवारच्या वर्गातल्याच झेरॉक्सवाल्याच्या दुकानात काढली. विश्वासाचा माणूस म्हणून.

रविवारी मॅडम मागच्या बाकावर येऊन बसल्या. त्यांचा चेहरा म्हणजे सीलबंद पाकीट. मी घड्याळ सुरू केलं. सिस्टरांनी फळ्यावर एक माणूस काढला, त्याच्या डोक्यावर खडू टेकवला आणि "व्हॉट इज" एवढंच म्हणाल्या.

"आय हॅव अ बॅड हेडेक, डॉक्टर. इट स्टार्टेड ऑन मंडे." शिवणकाम करणाऱ्या मावशी उठून खाडकन बोलल्या आणि बसल्या. मागच्या रविवारपर्यंत या मावशी स्वतःचा पत्ता सांगताना घामाघूम व्हायच्या.

खडू पोटाकडे निघाला. तो पोचायच्या आतच वॉचमनकाकांनी पाठदुखी सांगून टाकली. मावशींनी त्यांना कोपर मारलं.

"आधी पोट," त्या कुजबुजल्या. "पाठ दुसऱ्या पानावर."

अकराव्या मिनिटाला तिन्ही पानं संपली. शिक्षक अडीच मिनिटं, विद्यार्थी साडेआठ. असा आकडा आमच्या वर्गात कुणाचाच नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. पण ज्या दिवशी मोजणी शेवटच्या खिळ्यापर्यंत जुळते, त्या दिवशी स्टोअरवाला पुन्हा मोजतो.

सिस्टरांनी खडू खाली ठेवला.

"किती प्रती काढल्या?" त्यांनी झेरॉक्सवाल्याला विचारलं.

"तुमची एक." तो बाकाकडे बघत म्हणाला. "आणि अकरा."

"कशाला?"

"तुम्ही जास्त बोललात की नापास, असं कळलं होतं. म्हटलं, आपणच बोलून घेऊ. मावशींनी रोज म्हणून घेतलं सगळ्यांकडून."

मागच्या बाकावर मॅडमनी काहीतरी लिहिलं. बरं नसावं.

"पेशंट दुखणं असं घडाघडा सांगायला लागला," सिस्टर म्हणाल्या, "की मी आधी पढवणाऱ्या नातेवाइकांना बाहेर काढायचे." त्यांनी पाठाची पानं पर्समध्ये टाकली, फळ्यावरचा माणूस पुसला आणि खुर्ची ओढून वॉचमनकाकांसमोर बसल्या. त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि इंग्रजीत विचारलं की दुखतं कुठे, चित्रातल्या माणसाचं नाही, तुमचं.

आणि गप्प बसल्या.

काकांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी पानाकडे. पानात काही नव्हतं. सिस्टरांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर. नाडी मोजताना नर्स बोलत नसते, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. त्यांनाही नसावं. दहा सेकंद. तीस. पन्नास. माझी पंचाईत ही, की हा वेळ लिहू कुठे? शिक्षक बोलत नाही, विद्यार्थी बोलत नाही. शेवटी मी पट्टी घेऊन कागदावर तिसरा रकाना आखला.

"नी," काका म्हणाले. "लेफ्ट. ड्यूटी, मेनी स्टेअर्स. लिफ्ट..." शब्द सापडेना. सिस्टरांचे ओठ हलले आणि मिटले.

"ब्रोकन?" मावशींनी विचारलं.

"ब्रोकन. थ्री मंथ."

"यू टेल बॉस?" झेरॉक्सवाला.

"आय टेल. बॉस टेल, यू हॅव टू लेग."

वर्ग हसला. हे हसू कुठल्याच पानावर नव्हतं. मग मावशींना बोलायचं होतं, सुईत दोरा ओवून अधू झालेल्या डोळ्यांबद्दल. सिस्टर एकेकासमोर खुर्ची नेत राहिल्या, एक प्रश्न विचारायचा आणि वाट पाहायची. इंग्रजीचे हातपाय मोडत होते, पण ती चालत होती.

चाळीसाव्या मिनिटाला मी बेरीज केली. शिक्षक साडेसात, विद्यार्थी चोवीस, गप्प साडेआठ. मॅडमनी कागद मागून घेतला.

"हा तिसरा रकाना फॉर्मवर नाही."

"माल आला, मॅडम. नोंद करायलाच हवी."

त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं.

"पहिली अकरा मिनिटं मी धरत नाही," त्या सिस्टरांना म्हणाल्या. "ते नाटक होतं, आणि नाटकाचा अभ्यासक्रम दुसऱ्या मजल्यावर आहे. उरलेल्या एकोणतीस मिनिटांत तुम्ही पाच बोललात. पास." दारात थांबून त्या माझ्याकडे वळल्या. "तो रकाना पुढच्या वर्षी छापून घेऊ."

मॅडमच्या चपलांचा आवाज जिन्यात विरेपर्यंत सिस्टर उभ्या राहिल्या. मग वर्गाकडे वळल्या.

"बसा सगळे. विश्वासाने दिलेला कागद चोरायचा, पाठ करायचा, आणि वर नंबर चुकवायचा? काका, उद्या सकाळी इस्पितळात जाऊन गुडघ्याचा फोटो. माझं नाव सांगा, रांगेत उभे राहू नका. मावशी, चष्म्याचा नंबर शेवटचा कधी काढला? आठवत नाही ना, तेच म्हणते मी..."

झेरॉक्सवाल्याने हळूच मला घड्याळाची खूण केली. मी ते केव्हाच खिशात टाकलं होतं. त्यापुढे त्या किती बोलल्या, याची नोंद नाही.

"सिस्टर," काकांनी हात वर केला, "वन क्वेश्चन."

"मी बोलतेय ना, काका."