खालून वर

काळ्या कागदाचा तो एवढासा त्रिकोण फोटोबरोबरच सुटून आला आणि त्याच्या अंगठ्याला चिकटून बसला. अल्बमच्या पानावर फोटो धरून ठेवणाऱ्या चौघांपैकी एक. तिघं आपापल्या जागी, हा एकटा फितूर. त्यानं अंगठा झटकला, टेबलाच्या कडेला घासला, शेवटी दुसऱ्या हाताच्या बोटानं काढला, तर तो त्या बोटाला चिकटला — आणि तो बोटाकडे बघत बसला, कारण हा अल्बममधला शेवटचा फोटो होता, आणि त्याला जितका उशीर होईल तितका हवाच होता.

फोटोत ती, त्याची बायको, पुढचे दोन दात पडलेले, हात कमरेवर, फोटो काढणाऱ्याकडे असं बघत होती जणू त्यानं काहीतरी कबूल करून पाळलेलं नाही. त्या वयात! म्हणजे आपल्यावर जे आलं ते मुळातलंच होतं, असं त्याला वाटलं, आणि जरा बरंही वाटलं.

अल्बम तिचाच. घर सोडून जाताना कपाटावर राहिला. मग तिच्या धाकट्या भावाचा निरोप आला — भावोजी, ताईला लहानपणचे फोटो हवेत, अल्बम नको म्हणते, स्कॅन चालतील. तो निरोप त्यानं एक्स-रे उजेडात धरून बघतात तसा उलटसुलट करून पाहिला होता. अल्बम नको. म्हणजे या घराची हवा लागलेली वस्तू नको, त्या वस्तूची सावली तेवढी चालेल, तीही तारेशिवाय, हात न लावता... एका दुपारचं काम त्यानं महिनोन् महिने पुरवलं. कधी उजेड नव्हता, कधी फोनचा कॅमेरा पुसायला दिला होता (कुणाला, हे विचारायचं मेव्हण्याला सुचलं नाही). एक फोटो पाठवला की चार-आठ दिवस तो कुणाचातरी नवरा असल्यासारखा वावरायचा. परवा मेव्हणा म्हणाला, "भावोजी, एवढ्या दिवसांत ताई स्वतःच परत लहान झाली असती." घराणंच विनोदी. घटस्फोट झाला तर आपल्याला मेव्हण्याची आठवण येईल.

तर शेवटचा फोटो. कॉम्प्युटरवर कोरं पान उघडायचं, फोनवरून फोटो घ्या असं सांगायचं, फोनचं नाव निवडायचं — की बाजूला पडलेला फोन आपोआप जागा होतो, कॅमेरा उघडतो, फोटोच्या कडा स्वतःच शोधतो, आणि बटण दाबलं की चित्र थेट पानावर. केबल नाही, बोलाचाली नाही. या घरात न बोलता एकमेकांना समजून घेणारी एवढी एकच जोडी उरली होती, आणि तो त्यांच्यामध्ये सासूसारखा बसलेला असायचा.

फोनचं नाव 'ऐकतोय ना'. हे तिनं ठेवलेलं. ती बोलत असायची, तो कशाततरी डोकं घालून म्हणायचा, ऐकतोय ना — एक दिवस तिनं फोनला तेच नाव देऊन टाकलं. तिच्या फोनला त्यानं 'राणीसरकार' केलं. दोन्ही फोन, एक कॉम्प्युटर, खातं एकच. ती गेली पण खात्यातून निघायचं विसरली. की विसरली नाही? या प्रश्नावर त्यानं पावसाळ्यातले बरेच दिवस काढले होते. जगाच्या लेखी ती दोघं वेगळी. यंत्राच्या लेखी अजून एका घरातली. यंत्राला अक्कल नसते म्हणतात, पण माया असते.

त्यानं बाण नेला. नाव आलं — 'ऐकतोय ना'. आणि त्याच्या खाली, 'राणीसरकार'.

त्यानं डोळे चोळले नाहीत. उलट अगदी शहाण्यासारखं आठवून पाहिलं, की फोन जवळ असल्याशिवाय नाव येत नाही. शेजारच्या खोलीत असेल तर येतं. एखादा मजला वरखाली असेल तर येतं. आणि ती तर दुसऱ्या गावी होती, नवी नोकरी होती, यायला वेळ नव्हता, असं मेव्हणा सांगत होता... तो उठला. दाराच्या भोकातून पाहिलं. बाल्कनीतून पाहिलं. मग कपाट उघडून पाहिलं, आणि उघडल्यावर आपण काय करतोय हे कळलं, म्हणून उगाच एक शर्ट काढला आणि परत ठेवला.

वर गच्ची. मग खाली.

खाली म्हणजे खालच्या काकू. काकूंची एकच तक्रार, वर्षानुवर्षं: तुझ्या न्हाणीघरातलं पाणी माझ्या घरात उतरतं. "पोरा, एकदा येऊन बघ तरी." तो जिन्यात हात जोडून म्हणायचा, काकू, पाण्याला खाली जायची सवयच आहे, मी काय समजावणार? लोक हसायचे. काकूसुद्धा हसायच्या, आधी आधी. एकदा प्लंबर आला, भिंतीवर बोटं वाजवून फरशी उखडावी लागेल म्हणाला, तर यानं त्याला चहा पाजून, गच्चीचा दोष आहे असं पटवून पाठवलं. आपला वाय-फाय खाली झिरपतो हे मान्य, पाणी नाही — हा त्याचा सगळ्यात गाजलेला विनोद. बायको एकटीच हसायची नाही. बॅग भरताना भांडणसुद्धा नीट केलं नाही तिनं. फक्त म्हणाली, "तू एकदा खाली जाऊन वर बघ." आणि त्यानं विचारलं होतं, तिकीट आहे का?

त्यानंतर काकू तक्रार घेऊन कधी आल्याच नाहीत. आपण जिंकलो, असं तो इतके दिवस धरून चालला होता. आता उलगडलं... त्यांना ऐकणारं माणूस मिळालं होतं. ती येत होती. या इमारतीत, या जिन्यानं, कितीदा तरी. काकूंकडे बसून चहा पिऊन, एक मजला न चढता जात होती. त्यानं चिकटवलेली दारावरची पाटी खालून दिसते. त्या पाटीकडे मान वर करून जात असेल, की न करता?

मग बोटानं दुसरं नाव दाबलं. चूक म्हणावी तर बोट चिकट होतं, काळा त्रिकोण अजून त्यावरच होता. पण चूक नव्हती.

पडद्यावर आलं, फोटोची वाट पाहत आहे. म्हणजे खाली काकूंच्या टेबलावर तिचा फोन आपोआप जागा झाला असणार, त्यानं कॅमेरा उघडला असणार, वर या कॉम्प्युटरचं नाव. काकू चष्मा शोधत म्हणाल्या असतील, काय गं हे? आणि ती... रद्द करायचं बटण समोरच होतं. त्यानं केसांवरून हात फिरवला. सदरा नीट केला. दिसलीच तर ती दिसणार होती, तो नव्हे, तरी केला. एकदा तिचा चेहरा येईल. रागावलेला, तोंड वाकडं केलेलं, कसाही. नाहीतर चहाचा कप, तिचं बोट...

फोटो आला.

छत होतं. काकूंचं. नीट नेम धरून काढलेलं, जराही न हललेलं. तपकिरी वर्तुळात वर्तुळ, त्याच्या बाहेर आणखी एक, रंगाचे पोपडे जुन्या पुस्तकाच्या पानांसारखे वळलेले, आणि मधोमध एक थेंब — पडलेला नाही, पडायच्या बेतातला. खालच्या कडेला कपाटाचा माथा, त्यावर प्लास्टिक पसरलेलं, प्लास्टिकवर थेंब झेलायला ठेवलेली तवली. हे प्लास्टिक त्याला माहीत नव्हतं. कधीपासून असेल? त्यानं फोटो मोठा केला, कोपऱ्यांत तिच्या बोटाची निदान कड तरी आली आहे का ते शोधलं. नव्हती. फार स्वच्छ काम.

स्कॅन छान आलाय, असं तो स्वतःशी म्हणाला. कुणीच हसलं नाही.

फोटोत पंखा होता. त्याच्या खोलीतला पंखा बरोबर त्याच जागी. पंख्यापासून मोजत त्यानं न्हाणीघराचं दार ओळखलं, मग भिंत, आणि ओल त्या भिंतीपाशी थांबली नव्हती. ती खोलीत आली होती, टेबलापर्यंत, टेबलाखाली... तो थेंब त्याच्या खुर्चीच्या खाली होता. म्हणजे ती आता याच जागेकडे मान वर करून बघतेय. त्याचे तळवे जिथे टेकलेत तिथे.

त्यानं दोन्ही पाय उचलले.

काहीतरी सुचायला हवं होतं. फोटोखाली एक ओळ लिहून पाठवावी, ती वाचून काकू तरी हसतील. पानावर उभी रेघ लुकलुकत होती. त्याऐवजी त्याला न्हाणीघरातला आवाज आला, बारीक, न थांबणारा, आणि हा आवाज नवा नाही हेही त्याच क्षणी कळलं. तो ऐकत बसला. टेबलावर दात पडलेली मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती, तिचा एक कोपरा सुटलेला. मांड्या भरून यायला लागल्या. पाय आता खाली ठेवायला हवे होते. पण ठेवायचे कुठे — खाली ती होती.