मुळाकडचे बारा सेंटिमीटर

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात प्रणाली बहिणीच्या, मैनाच्या घरी आली, तेव्हा बहीण जाऊन दहा महिने झाले होते. तळा गावच्या ज्युनियर कॉलेजात प्रणाली रसायनशास्त्र शिकवायची. पेपर तपासून झाले, गठ्ठे पोचते केले, पिशवीत चार कपडे टाकले आणि पनवेलला एसटी बदलून ती उरणला उतरली. मैना असताना दर सुट्टीत ती अशीच यायची. यंदा येऊ नये असं काही कारण नव्हतं, आणि यावं असंही काही वाटलं नव्हतं. हल्ली तिचं सगळं असंच चाललं होतं. एक वाजला की जेवायचं, दहा वाजले की झोपायचं. मेंदूत रक्तस्राव होऊन मैना तीन दिवसांत गेली तेव्हा सगळे रडले होते. प्रणालीनं मात्र डॉक्टरांकडून स्कॅनचे आकडे नीट समजून घेतले होते आणि मग सगळ्यांसाठी चहा सांगितला होता.

घराच्या मागच्या अंगाला पूर्वी मिठागर होतं. आता तिथं कंटेनर एकावर एक रचलेले असायचे. मैनाचा नवरा जीवन बंदरावर ट्रेलर चालवायचा. त्यांची सोळा वर्षांची मुलगी अमिषा घर सांभाळायची, दहावीच्या निकालाची वाट बघायची आणि मैनासारखीच लांब, काळीभोर, कमरेपर्यंतची वेणी घालायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीवन जेवून गेला आणि अमिषानं कपाटातून एक खोकं काढून मावशीपुढं ठेवलं.

"मावशी, तू केमिस्ट्रीची हायस ना? वाच हे."

केस उजळवायची पावडर आणि सोबत एक बाटली. प्रणालीनं बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली.

"हायड्रोजन पेरॉक्साइड, बारा टक्के. हे डोक्याला लावायचं नाही. कातडी भाजेल."

"मग किती टक्के लावायचं?"

"आधी कशाला लावायचं ते सांग."

अमिषा फरशीवर बोट फिरवत बसली. "मला सोनेरी करायचेत. पार सोनेरी."

"रील बघितलंस वाटतं कुठलं?"

"रील न्हाय गं." तिनं बोट थांबवलं. "मागच्या महिन्यात मी ओट्यापाशी उभी होते, पाठमोरी. बाबा आले नि बोलले, मैना, पाणी दे. मी वळले. मावशी, त्यांनी मला मारलं असतं ना तरी चाललं असतं, असं तोंड झालं त्यांचं. तवापासून बघतच न्हाईत माझ्याकडं. ताट ठेवलं तर ताटाकडं बघतात. हळदीला गेले तर बायका गाल धरून रडतात, मैनाच उभी हाय बोलतात. मला असं करायचंय, की मागून, लांबून, कुणाला चुकूनपण वाटता नये. बाबांना कळलं पायजे, ही मी हाय."

हे ऐकून कुठंतरी दुखायला हवं, असं प्रणालीला वाटलं. ती जरा थांबून राहिली. काही आलं नाही. मग तिनं वही उघडली, कारण ते तिला जमत होतं.

"बाबांना विचारलंस?"

"विचारलं. टीव्हीकडं बघत 'कर' बोलले."

"इतके काळे केस एका बैठकीत सोनेरी होत नाहीत. दोनदा, कदाचित तीनदा करावं लागेल. मध्ये तीन-चार आठवडे सोडायचे. पहिल्यांदा तांब्यासारखे दिसतील. चालेल?"

"चालेल."

"आणि मी सांगेन तिथं थांबायचं. घाई केलीस तर केस हातात येतील."

संध्याकाळी दोघी उरणच्या बाजारात क्रांतीच्या पार्लरमध्ये गेल्या. क्रांती एका नवरीच्या भुवया कोरत होती. दोरा दातात धरूनच तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ही पोर दोनदा येऊन गेली माझ्याकडं. मी बोलले, मोठं माणूस घेऊन ये, न्हायतर जा. आगऱ्याच्या पोरीला सोनेरी केस! हळदीत दोन दिवस बसवा तिला मॅडम, फुकटात पिवळी होईल."

खुर्चीतली नवरी हसली. अमिषासुद्धा हसली.

"सहा टक्के पेरॉक्साइडचं डेव्हलपर हवंय," प्रणाली म्हणाली.

"म्हणजे आमचं वीस व्हॉल्यूम. देते. पण केमिस्ट्रीच्या मॅडम तुम्ही, माझ्याकडं काय शिकायला आलात?"

"रसायन मला कळतं. केस कळत नाहीत."

क्रांतीनं दातातला दोरा काढला. असं कुणी कबूल करत नसावं. मग मात्र तिनं सगळं मनापासून सांगितलं. दोन दिवस केस धुवायचे नाहीत, डोक्याचं तेल कातडीला राखतं. मिश्रण धातूच्या भांड्यात करायचं नाही. मुळाशी शेवटी लावायचं, कारण डोक्याच्या उबेनं तिथं लवकर उजळतं. आग व्हायला लागली तर घड्याळ बघत बसायचं नाही, सरळ धुवायचं.

"हल्ली मेंदी लावलीस का गं?" तिनं अमिषाला विचारलं.

"न्हाय. आई गेल्यापासून न्हाय."

"मग ठीक हाय," क्रांती म्हणाली, आणि दुसरी भुवई कोरायला लागली.

प्रणाली बाजूलाच उभी होती. 'आई गेल्यापासून' हे शब्द गेले दहा महिने ती ऐकत होती आणि प्रत्येक वेळी ते तिच्यावरून भिंतीवरून पाणी ओघळावं तसे जायचे. याही वेळी तसेच गेले, आणि त्यांच्यासोबत 'मेंदी' हा शब्दही गेला.

गुरुवारी सकाळी तिनं अमिषाच्या कोपराच्या आतल्या बाजूला तयार मिश्रणाचा ठिपका लावला, सांगितल्या वेळी धुतला आणि अठ्ठेचाळीस तास वाट बघितली. लाली नाही, पुळी नाही, खाज नाही. वहीत तिनं तसं लिहिलं.

शनिवारी केसांच्या बटेची परीक्षा. अमिषाला ती अगदीच अनावश्यक वाटत होती.

"कोपर चांगलं हाय ना? मग लाव ना डोक्याला डायरेक्ट."

"कोपरानं तुझ्या कातडीचं सांगितलं. केसांचं केस सांगतील."

मानेच्या वरून तिनं पेन्सिलीपेक्षा बारीक बट घेतली, मुळाकडच्या टोकाला पांढरा दोरा बांधला आणि कातडीलगत कापली. अमिषानं स्टीलची वाटी पुढं केली. ती बाजूला सारून प्रणालीनं काचेचा बाउल घेतला. खिडक्या उघड्या, हातात मोजे. दोन भाग डेव्हलपर, एक भाग पावडर. बट काचेच्या बशीत सरळ ठेवून तिनं दोऱ्यापासून टोकापर्यंत लेप लावला आणि घड्याळ बघितलं.

चौथ्या मिनिटाला बशीत काहीतरी हललं.

लेप फुगत होता. दोऱ्याकडच्या बाजूला नाही, खालच्या लांब भागात. बारीक बुडबुडे येत होते, एकमेकांवर चढत होते. प्रणालीनं मोजा घातलेलं बोट वर धरलं. वाफ लागली. बशीला खालून हात लावला, तर चहाच्या कपासारखी गरम.

"मागं हो," ती म्हणाली. "खिडकीकडं जा."

तिनं बशी मोरीत नेऊन नळाखाली धरली. पाणी गेलं तसा बटेचा खालचा भाग शिजलेल्या शेवयांसारखा लोंबला आणि तुटला. दोऱ्याकडचा तुकडा मात्र शाबूत राहिला. तो तांबूस झाला होता, ओढला तरी तुटत नव्हता.

"हे डोक्यावर झालं असतं?" अमिषानं खिडकीपाशी उभं राहूनच विचारलं.

"हो."

प्रणालीनं अमिषाच्या कंपासपेटीतली पट्टी मागितली. वाचलेला तुकडा तिनं दोऱ्यापासून मोजला.

"बारा सेंटिमीटर," ती म्हणाली. "केस महिन्याला साधारण एक पूर्णांक दोन दशांश वाढतात. म्हणजे दहा."

"दहा काय?"

"महिने."

म्हटल्यावर तिला कळलं आपण काय मोजलं ते. पट्टी तिनं पुसून पेटीत ठेवली.

"आई मेंदी कशात भिजवायची?"

"लोखंडी कढईत. रात्रभर. चहाचं पाणी घालून. नि बाजारातली काळी पुडी पण टाकायची त्यात."

"कधीपासून?"

"सहावीपासून. माझे भुरे होते ना केस. मिठागराच्या वाऱ्यानं भुरकटले बोलायची. महिन्याच्या महिन्याला लावायची. श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी लावली ती शेवटची."

त्याच आठवड्यात बुधवारी मैना गेली होती.

प्रणालीनं समजावलं, वर्गात समजावते तसंच. कढईतलं लोखंड मेंदीच्या आंबटपणानं सुटतं. पुडीतही धातूचे क्षार असतात. ते केसांत शिरतात आणि धुतल्यानं निघत नाहीत, केस वाढेल तसे खाली सरकतात एवढंच. पेरॉक्साइड लागलं की ते त्याला भराभर फोडतात, आणि त्या उष्णतेत केस शिजतो. "पार्लरात तू मेंदीचं म्हणालीस तेव्हाच मला कळायला हवं होतं," ती म्हणाली.

"मग कळलं कसं न्हाय?"

"ऐकूनच घेतलं नाही मी."

अमिषानं वेणी पुढं घेतली आणि हातात धरून बघत राहिली. "म्हणजे माझे केस आईसारखे नव्हतेच."

"मुळात भुरेच असणार. वरचे बघितले तर आताही आहेत. तेल लावून घट्ट बांधतेस म्हणून दिसत नाही."

"आता?"

"दोन गोष्टी करता येतील. काहीच न लावता वाढू द्यायचे. सगळे बदलायला चार-पाच वर्षं जातील. नाहीतर इथं कापायचे," तिनं अमिषाच्या कानापासून थोडं खाली बोट धरलं, "आणि वरच्यांना उजळवायचं."

"वरचे सगळे आई गेल्यानंतरचे."

"हो."

"नि खालचे आईचे."

यावर मऊ काहीतरी बोलता आलं असतं. "हो," प्रणाली म्हणाली.

त्या दिवशी अमिषानं गच्चीवर वाळत घातलेलं सुकट गोळा केलं, भांडी घासली, बाबांचं ताट वाढलं. जीवननं भाताकडं बघून भात खाल्ला, आमटीकडं बघून आमटी, आणि हात धुवून तो पाळीवर गेला. रविवारी सकाळी ती कात्री घेऊन आली.

"काप. पार्लरात न्हाय, तूच काप. कुणी बघायला नको."

"नंतर जोडता येणार नाहीत."

"मावशी, मला म्हाईत हाय ते."

पडवीत वर्तमानपत्र पसरलं. प्रणालीनं वेणीला वर एक आणि खाली एक रबर लावलं. रेष चुकू नये म्हणून आधी वेणी आणि मग उरलेली बट न् बट मुळापासून मोजून ती बारा नाही, अकरा सेंटिमीटरवर कापत गेली. लोखंड लागलेला एकही केस मागं राहायला नको होता. कात्री बोथट होती, वेणी जाड. कापायला बराच वेळ लागला. वेणीचे शेवटचे केस तुटले तेव्हा अमिषाची मान एकदम पुढं गेली, ओझं उतरल्यावर जाते तशी.

उरलेल्या केसांची आणखी एक बट तिनं तपासली. बशी गार राहिली. मगच तिनं डोक्याला लेप लावला, मुळापासून बोटभर सोडून आणि मुळाशी अगदी शेवटी. दर पाच मिनिटांनी ती एक केस पुसून रंग बघायची आणि विचारायची, "आग होते?"

"न्हाय. चावतंय थोडं."

"चावतंय की भाजतंय?"

"मावशी, मुंगी नि विस्तव कळतो मला."

पस्तिसाव्या मिनिटाला केस पिकल्या संत्र्याच्या सालीच्या रंगाचे झाले. पिवळा अजून लांब होता. अमिषाला आणखी दहा मिनिटं हवी होती. प्रणालीनं तिला उठवून मोरीत नेलं आणि पिंपातल्या गोड्या पाण्यानं डोकं धुतलं. बोअरच्या पाण्यातही लोह होतं. "पुढचं जुलैमध्ये," ती म्हणाली. "तोवर तेल लाव आणि उन्हात जाऊ नकोस."

दुपारी चारला जीवन आला. पडवीत वर्तमानपत्रावर वेणी तशीच पडली होती. उचलून ठेवायला हवी होती, ते दोघींपैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो चपला न काढताच उकिडवा बसला. वेणीवर त्यानं हात धरला, पण टेकवला नाही.

अमिषा दारात आली. नारिंगी, आखूड, नीट न सुकलेले केस सगळीकडं उभे राहिले होते. मागून, पुढून, कुठूनच ती मैना दिसत नव्हती.

"बाबा."

तो वेणीकडंच बघत होता.

"बाबा, मी हितं हाय."

प्रणाली आतल्या चौकटीपाशी उभी होती. ती काही मोजत नव्हती, कशाचीच वाट बघत नव्हती. तिला फक्त जीवनची मान दिसत होती. ती हळूहळू वर आली. त्यानं पोरीचे पाय बघितले, मग हात, मग तोंड. तोंडावर त्याची नजर थांबली. अनोळखी पत्ता वाचावा तसं तो बराच वेळ बघत राहिला. अमिषा हलली नाही.

"कानामागं काय राहिलंय तुझ्या," तो म्हणाला. "पांढरं."

तिनं उजव्या कानाला हात लावला.

"तो न्हाय. डावा."

प्रणाली चारदा तपासून गेली होती आणि तिला तो ठिपका दिसला नव्हता. तसाच राहिला तर कातडी सोलली असती. तिनं आतून ओला पंचा आणला. जीवननं उठून हात पुढं केला, म्हणून तिनं तो त्याच्याकडं दिला.

"चोळू नका, भावोजी. टिपून घ्या."

अमिषानं मान वाकडी केली. तो टिपायला लागला, ट्रेलरचं चाक फिरवणाऱ्या त्या हातांनी, फार सावकाश.

"झालं?" तिनं विचारलं.

"थांब," तो म्हणाला. "जरा हाय अजून."