मी फरशीचा, अंगाचा नव्हे

मी साबण बोलतोय. चिडूनच बोलतोय, तेव्हा गोड ऐकायची सवय असलेल्यांनी खुशाल उठून जावं. नैसर्गिक, घरगुती, सर्वोपयोगी असे तीन शब्द माझ्या वेष्टनावर छापले होते. पहिले दोन खरे आहेत. तिसरा मी कधी म्हटला नाही, आणि जिने मला बनवलं तिनेही नाही.

मला बनवलं ताईने, तिच्या स्वयंपाकघरात. खिडक्या सताड उघड्या, डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. काट्यावर आधी खोबरेल तोललं, मग कॉस्टिक सोडा. सोडा पाण्यात हळूहळू सोडायचा. पाणी सोड्यावर ओतलं तर उसळून तोंडावर येतं. ताई असल्या गोष्टीत एक इंच इकडची तिकडे होत नाही. म्हणून तिच्यावर माझा राग नाही. तिच्या धाकट्या भावावर आहे, आणि तो जाता जाणार नाही.

नैसर्गिक म्हटलं की लोकांना वाटतं, गरीब बिचारा असणार. माझ्या पोटात सोडा आहे म्हटलं तर तोंड वाकडं करतील. पण सोड्याशिवाय तेलाचा साबण होतच नाही. दोघं एकमेकांशी भांडतात आणि त्या भांडणातून आम्ही जन्मतो. अंगाच्या साबणात ताई तेल थोडं जास्तच घालते, म्हणजे भांडणाअखेर तेल उरतं आणि कातडी मऊ राहते. माझ्या बाबतीत तिने मुद्दाम उलटं केलं. माझ्यात सोडा उरला आहे. कारण माझा जन्म फरशीसाठी, करपलेल्या कढईसाठी आणि ओट्याच्या चिकट कडेसाठी.

आम्ही दोन्ही जातीचे दिसायला सारखेच, पांढुरके. म्हणून ताईने आम्हा फरशीवाल्यांचा एकेक कोपरा सुरीने उडवला आणि महिनाभर फळीवर वाळत ठेवलं. मग दोन्ही जाती वेगवेगळ्या कागदात बांधून भावाच्या घरी पाठवल्या. फोनही केला.

“कोपरा कापलेले वेगळे ठेव हं. ते अंगाला नाहीत.”

“हो गं, हो,” भाऊ म्हणाला. एका हाताने तो वेष्टनांचा गठ्ठा सोडत होता.

वेष्टनं त्याने आधीच छापून घेतली होती. एकच साबण: अंगाला, केसांना, भांड्यांना, फरशीला! लोकांना दहा बाटल्या नको असतात, एक वडी हवी असते, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. कागद सोडल्यावर त्याला आमचे कापलेले कोपरे दिसले आणि त्याने कपाळाला आठ्या घातल्या. “असलं तुटकं कोण घेणार?” असं म्हणून त्याने सोलाणं घेतलं आणि सगळ्यांच्याच कडा तासून गोल केल्या, आमच्या आणि त्यांच्याही. मग सगळे एकाच खोक्यात टाकले. फोन करून विचारायला एक मिनिट लागलं असतं. त्याने तेवढ्या वेळात शीळ घातली.

माझी एक बाजू जरा जास्तच तासली गेली होती. मी विकण्यासारखा राहिलो नाही, म्हणून त्याने मला न्हाणीघरात नेऊन ठेवलं. “आप्पांना होईल,” म्हणाला.

आप्पा म्हणजे या दोघांचे वडील. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात आणि अर्धं तोंड त्यांचं ऐकत नाही. त्यांना आंघोळ घालायला सकाळी मावशी यायच्या. तीन वर्षं येत होत्या. आप्पांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवायचं, आधी पायांवर पाणी, मग खांद्यावर, आणि सगळा वेळ बडबड. “आज काय रुसलाय का आप्पा? बोला की.” आप्पा अर्ध्या तोंडाने हसायचे. त्या घरात दिवसभरात तेवढंच हसू व्हायचं.

पहिल्याच दिवशी माझा फेस पाठीवर गेला आणि आप्पांनी मान आखडली. “चुर... चुरतंय,” ते म्हणाले. मावशींनी झटकन पाणी ओतलं. त्यांच्या स्वतःच्या बोटांचा बुळबुळीतपणाही जाईना. बाहेर येऊन त्यांनी सरळ सांगितलं.

“भाऊ, हा साबण बरोबर नाही. हाताला चटका बसतो.”

“अहो मावशी, नैसर्गिक आहे तो. सुरुवातीला होतं तसं. इतक्या वर्षांची केमिकलं बाहेर पडतायत.”

हे त्याला कोणी शिकवलं देव जाणे! ज्या बाईने तीन वर्षं ती पाठ रोज पाहिली, तिला तो पाठीबद्दल शिकवत होता. मी तिथेच भिजत पडलो होतो. मला तोंड असतं तर त्याच्या हाताचा तुकडा तोडला असता.

पुढचे दोन दिवस मावशींनी मला हात लावला नाही. नुसत्या पाण्याने भागवलं. पाठीचा लालपणा उतरायला लागला होता. तिसऱ्या दिवशी भावाला मी कोरडा सापडलो आणि तो भडकला. कामचुकारपणा म्हणाला. दारात उभा राहिला आणि समोर लावायला लावला. मावशींनी अगदी हलक्या हाताने लावला, पण मी काही हलका नाही. दुपारपर्यंत आप्पांच्या पाठीची साल निघाली.

एरवी ‘तुम्ही’ म्हणणारा भाऊ संध्याकाळी मावशींना बोलावून एकदम ‘तू’वर आला. “किती जोरात घासलंस? माणूस आहे की कढई? उद्यापासून यायचं नाही.”

“मी तुम्हाला सांगितलं होतं, भाऊ.”

“म्हणजे माझी चूक?”

एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ समजलं असतं. त्याने मावशींच्या दुसऱ्या घरी फोन लावला. समोरच्या इमारतीत एक शिक्षिका राहायच्या, त्यांच्या आईलाही मावशीच आंघोळ घालायच्या. “जपा बरं का, ही बाई म्हाताऱ्यांना इजा करते,” असं त्याने त्यांना सांगितलं. मावशींच्या हाती दोनच घरं होती. एका तासात दोन्ही गेली.

मावशींनी फोनवर सगळं सांगितलं, तशी दुसऱ्या दिवशी ताई आली. आप्पांची पाठ बघून तिचा चेहरा उतरला. ती न्हाणीघरात आली, मला उचललं, बाजू तासलेली पाहिली आणि मग तिने साबण करणारी माणसं करतात ते केलं. मला जिभेचं टोक लावलं. विजेची तार चावल्यासारखी ती मागे सरकली आणि थुंकली.

“हा फरशीचा आहे. याचा कोपरा कुठे गेला?”

भाऊ दोरीवरचा टॉवेल सारखा करायला लागला.

“कोपरा कुठे गेला, विचारतेय मी!”

“अगं, तुटके दिसत होते. आता झालं ते झालं. बाहेर कशाला बोभाटा? एकही साबण विकला जायचा नाही.”

“खोकं दे सगळं. आणि समोरच्या शिक्षिकांना फोन कर. खरं सांग.”

“मी नाही करणार. आता चूक कबूल केली तर माझं काय राहील?”

तेव्हा आतून खुर्ची आपटल्याचा आवाज आला. आप्पा डाव्या हाताने खुर्चीचा हात बडवत होते. “फोन,” ते म्हणाले. ताईने शिक्षिकांचा नंबर लावून फोन त्यांच्या कानाशी धरला. एरवी दोन शब्दांनंतर ते दमतात. त्या दिवशी ते दमायला तयार नव्हते.

“मावशी... नाही. माझ्या मुलाने... भाजलं मला. त्याला माहीत होतं... सांगितलं होतं तिने. तो... खोटं बोलला.”

भाऊ तिथेच उभा होता. बापाच्या तोंडून आपल्याबद्दल ते ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पाहून मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

शिक्षिकांनी मावशींना त्याच दिवशी परत बोलावलं. मग भावानेही मावशींना फोन केला, माफी मागितली, या म्हणाला. मावशी शांतपणे म्हणाल्या, “समोरचं काम मिळालं, भाऊ, ते पुरे. तुमच्या उंबऱ्यात मी पुन्हा नाही यायची. आप्पांची पाठ ओली ठेवू नका, टिपून घ्या.”

आता मी बाहेर मोरीच्या कडेला असतो. ताईने खोकं परत नेलं, आणि माझ्या डोक्यात सुरीने मोठी फुली कोरली. माझ्याने फरशी लखलखीत होते, कढईचा तळ दिसतो, आणि मी रोज थोडा झिजतो. मला कोणाची माफी मागायची नाही. जे काम मला दिलं ते मी चोख करतो; जे दिलं नव्हतं ते करायला लावलंत, तर चावेन. जाता जाता एकच सांगतो. ज्याच्या हाताला चटका बसतो, तो सांगतो तेव्हा ऐका. वेष्टन नंतर वाचा.

आप्पांना आंघोळ आता मुलगाच घालतो. साबण ताईच्या हातचा, तेल जास्त असलेला. पाणी कोमट असतं, पाठ नीट टिपली जाते, आणि मुलगा बोलायचा प्रयत्नही करतो. “आप्पा, पाणी ठीक आहे ना?” विचारतो. पुन्हा विचारतो. मला इथून सगळं ऐकू येतं. आप्पांना बोलता येतं, हे आता त्यालाही माहीत आहे. आप्पा बोलत नाहीत.