खोडलं नाहीस, म्हणजे लागू

बाबांनी डबा काढला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आई आतल्या खोलीत पलंगावर होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आठ दिवस हॉस्पिटलात काढून घरी आल्याला चार दिवस झाले होते. ते चार दिवस मी रजा टाकून इथे होते. रविवारची दुपार होती. गोटी, माझी नऊ महिन्यांची लेक, मांडीवर बसून माझ्या शर्टाचं बटण मन लावून चघळत होती. आणि बाबा बाहेरच्या टेबलावर तो पत्र्याचा चौकोनी डबा ठेवून, चष्मा पुसून, कुणाची तरी परीक्षा घ्यायला बसल्यासारखे बसले होते.

या डब्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे दर वाढदिवसाला, केक कापायच्या आधी, बाबा एक कोरी चिठ्ठी पुढ्यात ठेवायचे. "तीन तत्त्वं लिही. स्वतःची. उसनी नकोत." मग मागच्या वर्षीची चिठ्ठी उघडून, उभं राहून, मोठ्याने वाचायची. एखादं तत्त्व नकोसं झालं असेल तर खोडायची मुभा होती, मात्र कारण सांगून. कारण पटलं तर बाबा मान डोलवायचे. नाही पटलं तर तत्त्व पुढे चालू. बाबांची ड्रायव्हिंग स्कूल होती. शिकाऊ गाडीत स्टीअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि एक जादा ब्रेक बाबांच्या पायाखाली. घरीही तसंच.

आठव्या वर्षी मी लिहिलं होतं, 'कुणाचं खोडरबर न विचारता घेणार नाही.' अकराव्या वर्षी, 'मी रडणार नाही.' ते केक कापायच्या आतच मोडलं. पण खरं सांगते, मला ते सगळं फार आवडायचं. मैत्रिणींना वाढदिवसाला बाहुल्या मिळायच्या आणि मला विचारलं जायचं की तू कोण आहेस. मी ताठ मानेने उभी राहून वाचायचे. लग्न झालं आणि ते बंद पडलं, तेव्हा मला थोडं वाईटसुद्धा वाटलं होतं.

"उद्यापासून तू इकडेच राहायला ये," बाबा म्हणाले. "गोटीला घेऊन. तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"बाबा, बाळंतपणाची रजा संपवून मला कामावर जाऊन दीड महिना झालाय. आता परत मागितली तर ते माझ्या जागी दुसरं कुणी घेतील."

"घेऊ देत."

घेऊ देत! मी कृत्रिम पाय बनवते. पाय कापलेल्या माणसाच्या उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावरून आत पाय बसेल असा कप घडवायचा, घासायचा, पुन्हा बसवून बघायचा, आणि एक दिवस तो माणूस कठड्यांना धरून पहिलं पाऊल टाकतो. सहा वर्षं मी हे करतेय. गोटी पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत गुडघ्यांवर बसून साचे घेतलेत. आणि बाबा म्हणाले, घेऊ देत. जसं काही मी शिकवणीची गाडी आणि एक गिऱ्हाईक उतरून दुसरं बसणार.

मी आवाज खाली ठेवला. गोटीच्या पाठीवर हात फिरवत राहिले. तिला की मला शांत करायला, कोण जाणे. "दिवसाची बाई ठेवू या. माझ्या ओळखीची आहे एक, पेशंट उचलायची तिला सवय आहे."

"परकं माणूस घरात नको."

"मग दादा?"

"त्याची नोकरी जबाबदारीची आहे."

"आणि माझी?"

"तुझीही आहे गं. पण."

त्या 'पण'च्या पुढे काही आलंच नाही. इतकी वर्षं ते तसंच अर्धवट ठेवलं जात होतं आणि मी समजून घेत होते. समजूतदार मुलगी म्हणून माझी ख्यातीच होती. सगळ्या नातेवाइकांत.

बाबांनी डब्यातून एक चिठ्ठी काढली. "एकोणिसावं वर्ष. वाच. उभी राहून."

आणि मी उभी राहिले! गोटीला कडेवर घेऊन, एकतीस वर्षांची बाई, झटक्यासरशी उभी राहिले. त्या क्षणी मला बाबांपेक्षा माझ्या पायांचा जास्त राग आला.

'आई-बाबांना माझी गरज पडेल तेव्हा मी सगळं सोडून येईन.' खाली फूल काढलेलं होतं. वसतिगृहात पहिलं वर्ष होतं ते, रोज घरच्या आठवणीने उशी ओली व्हायची. तेव्हा माझ्याकडे सोडण्यासारखं सगळं म्हणजे एक गादी, दोन बादल्या आणि खिडकीजवळची खाट.

"यानंतर पाच वर्षं तू हे दरवर्षी वाचलंस," बाबा म्हणाले. "एकदाही खोडलं नाहीस. खोडलं नाहीस, म्हणजे लागू."

"बाबा, माझ्याकडे लोक येतात, सहा-सहा वर्षांपूर्वीचा पाय घालून. उरलेला पाय आटलेला असतो. कप ढिला होतो. मग आत मोज्यावर मोजे चढवतात, जखमा करून घेतात, आणि वर म्हणतात, हाच बरा, सवयीचा आहे. मी त्यांना सांगते, नवा साचा घ्यावा लागेल."

"तुझं वर्कशॉप घरात आणू नकोस. पाय आटतो, तत्त्व आटत नाही."

बोलण्यात त्यांना कुणी हरवलेलं नाही.

"दादाच्या चिठ्ठ्या काढा मग."

ते जरा घुटमळले. डब्यात शोधल्यासारखं केलं. सोळाव्या वर्षाची सापडली, ती शेवटची. 'मी खरं बोलेन. मी लवकर उठेन. मी बहिणीला मारणार नाही.' तिन्ही त्याच आठवड्यात निकालात निघाली होती, मला चांगलं आठवतंय, तिसऱ्याचा वळ दंडावर होता.

"त्याच्या पुढच्या?"

"तो म्हणाला, कंटाळा येतो. मुलगे असल्या गोष्टींत रमत नाहीत."

"म्हणजे कंटाळा येतो म्हटलं की सुटका? एवढं सोपं होतं? मला का नाही सांगितलंत?"

"तू कधी म्हणालीस का? तुला तर आवडायचं."

हे खरं होतं, म्हणूनच अंगाचा तिळपापड झाला. मी डबा माझ्याकडे ओढला. झाकणाच्या आत एक नवी कोरी चिठ्ठी चिकटपट्टीने लावलेली होती. वर गोटीचं खरं नाव, बाबांच्या वळणदार अक्षरात. तिच्या पहिल्या वाढदिवसाला अजून तीन महिने होते.

'मी शहाण्यासारखी वागेन. मी हट्ट करणार नाही. मी आईला त्रास देणार नाही.'

"तिला अजून लिहिता येत नाही, म्हणून सुरुवात मी करून दिली," बाबा म्हणाले. आणि ते हसत होते. प्रेमाने! तेच तर. त्यांच्या चेहऱ्यावर फक्त प्रेम होतं.

गोटीने माझ्याकडे मान वर करून पाहिलं. तिला दोन दात आलेत. ती हट्ट करते. भूक लागली की असा टाहो फोडते की खालच्या मजल्यावरची माणसं वर बघतात. ती मला त्रास देते, रात्रंदिवस, हक्काने, आणि माझ्या आयुष्यात एवढा सुंदर त्रास मला कुणी दिलेला नाही. तिच्या तोंडून हे कोण वदवून घेणार? आणि ते वाचून दाखवायला तिने उभं राहायचं?

"हिच्यासाठी लिहायचं नाही," मी म्हणाले. आवाज केवढा चढला होता ते गोटी दचकली तेव्हा कळलं. "कुणी नाही. तुम्ही नाही, मी नाही. ती लिहील तेव्हा लिहील, नाही लिहिलं तरी चालेल!"

"ओरडतेस कशाला? थट्टा होती ती."

"माझ्या वेळी पण थट्टाच होती का मग? मग लागू कशी झाली?"

तोवर गोटीने ती चिठ्ठी माझ्या हातातून ओढून तोंडात घातली होती. मी तिला थांबवलं नाही. आजोबांची अर्धी तत्त्वं लाळेत भिजल्यावर मग तिच्या हिरड्यांमधून बोट फिरवून एकेक तुकडा काढला.

मी टेबलावरचं पेन उचलून एकोणिसाव्या वर्षीची ती ओळ खोडली. फुलासकट.

"कारण?" बाबा म्हणाले. सवयीनेच म्हणाले असतील.

"लिहिलं तेव्हा मला वाटायचं, गरज फक्त तुम्हालाच पडते. आता हिला पडते. मलाही पडते. आणि सगळं सोडून येणारी बाई आली की बाकी कुणाला काही सोडावंच लागत नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं."

बाबांनी मान डोलवली नाही. "पटलं नाही."

"नसू दे."

"झालं का तुमचं?" आतून आईचा आवाज आला. "तत्त्वं उरकली असतील तर मला संडासला जायचंय."

आम्ही दोघं आत गेलो. म्हणजे मी गेले. बाबा दारात थांबले.

"तुला हिच्या हातूनच बरं वाटेल ना गं?" बाबांनी तिथूनच विचारलं. "परक्या बाईपुढे लाज वाटते तुला."

"मला कसली लाज? तुम्हाला वाटते," आई म्हणाली. "चार दिवस दारात उभं राहून विचारताय, काही हवं का. हवंय. आत या."

"बरं, आणि त्या डब्याचं काय..."

"डब्याचं मला काय विचारता? मला कधी दिलीत का चिठ्ठी? मी तेव्हा स्वयंपाकघरात मेणबत्त्या शोधत असायचे."

मी गोटीला पलंगाच्या पायथ्याशी गादीवर ठेवलं आणि बाबांना हाताला धरून आत आणलं. पेशंट उठवायचा पट्टा आईच्या कमरेला बांधला. कमोडची खुर्ची पलंगाशी, तिच्या चांगल्या पायाच्या बाजूला लावली. "हात धरून ओढायचं नाही, पट्टा धरायचा. ऑपरेशनचा पाय थोडा पुढे. तुमचा गुडघा तिच्या चांगल्या गुडघ्यासमोर, म्हणजे तो घसरणार नाही. आता तीन म्हटलं की..."

"मी पाणी आणतो," बाबा म्हणाले, आणि गेले.

आईला मीच बसवलं. तिने माझ्या कपाळावरचे केस मागे सारले, जसे मी गोटीचे सारते.

निघण्यापूर्वी दादाला फोन लावला, स्पीकरवर.

"अगं, तूच बघ ना," तो म्हणाला. "तुला हे सगळं किती छान जमतं. तुझं तर कामच आहे ते."

"सोमवार ते शुक्रवार बाई येईल. रविवार माझा. शनिवार तुझा."

"बघतो."

"बघू नकोस, ये."

जिना उतरताना गोटी खांद्यावर झोपली. वाटलं होतं अपराधी वाटेल. नाही वाटलं. राग होता, नुसता राग, आणि त्यातला बराचसा त्या फूल काढणाऱ्या मुलीवर. मग तिचीही दया आली. उशी ओली करणारी पोर ती, तिला काय ठाऊक.

शनिवारी गोटी घरी माझ्या नवऱ्याजवळ होती आणि मी वर्कशॉपमध्ये. एका निवृत्त ट्रक ड्रायव्हरच्या मांडीवर ओलं प्लास्टर होतं, माझे दोन्ही हात त्यावर दाबलेले. टेबलावरचा फोन वाजला. ड्रायव्हरकाकांनीच हात लांबवून स्पीकर लावला.

"दादा आला नाही," बाबा म्हणाले. "जमत नाही म्हणाला. तू ये."

दहा मिनिटांत प्लास्टर सुकलं असतं. त्यापुढे अर्ध्या तासाचा रस्ता. पाय अगदी निघालेच होते, मला जाणवलं ते.

"मी येणार नाही, बाबा."

"तिला जायचंय. आत्ता."

"तुम्ही कुठे उभे आहात?"

"दारात."

"आत जा."

"मला नाही जमणार गं." त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "पडली बिडली तर?"

"चाळीस वर्षं अनोळखी माणसांना घाटातून गाडी काढायला शिकवलीत. आत जा. फोन खिशात ठेवा. पट्टा बांधा."

"पट्टा धरायला सांगा, हात नाही," ड्रायव्हरकाका हळूच म्हणाले. "माझ्या मुलाने हातच उखडला होता."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खिशातलं कापड फोनवर घासत होतं. "अहो, पाय! माझा नाही, तुमचा मागे घ्या!" आई ओरडली. "एक, दोन..." बाबा मोजायला लागले आणि तीनच्या आधीच दोघांचा मिळून एक मोठा हुंकार आला.

हाताखाली प्लास्टर गरम होत होतं.

"बसली," बाबा म्हणाले. धापा टाकत होते. "आता?"

"आता बाहेर या, दार ओढून घ्या. पाच मिनिटांनी पुन्हा आत जायचं, तसंच उलटं करायचं."

"हो."

"आणि दादाला बोलवा. आजच्या आज."

"तू सांग ना त्याला. तुझं ऐकतो तो."

"नाही ऐकत," मी म्हणाले. "तुम्ही सांगा. आणि तो कंटाळा येतो म्हणाला, तर या वेळी मान डोलवू नका."