पहिला इंच नसलेला टेप

मित्रांनो, मी एका सुताराचा जुना टेप. पिवळी पोलादी पट्टी, काळी डबी, लांबी पाच मीटर. खरे सांगायचे तर पाच मीटरला एक इंच कमी. तो इंच कुठे गेला आणि जाताना काय घेऊन गेला, हीच माझी गोष्ट.

जन्माचे फारसे आठवत नाही. अंगावर आकडे छापले, गुंडाळून डबीत बसवले आणि एका दुकानात खिळ्याला टांगले, एवढेच. तिथून सुताराने मला नेले आणि तीस वर्षे मी त्याच्या पट्ट्याला लटकत राहिलो. लोक घर घेत आणि मग कपाटे करायला त्याला बोलावत. त्यामुळे घर घेताना माणसे कुठे फसतात, हे आम्हा दोघांना पाठ झाले होते. जुने कपाट जरा ओढले की मागे ओल निघे. फरशीवर टाचेने ठोकले की पोकळ आवाज येई. सगळे नळ एकदम सोडले की वरच्या मजल्यावर पाण्याची नुसती बारीक धार येई. बिल्डरच्या पत्रकात छापलेले खोलीचे माप आणि मी घेतलेले माप यांचे तर क्वचितच जुळे.

"लोक घर बघायला येतात आणि खिडकीतून बाहेर बघत बसतात," सुतार म्हणे. "अरे, राहायचंय आत ना?"

त्याला एकच मुलगी. लहानपणी सतत काहीतरी ओढून न्यायची, म्हणून तिला मुंगी म्हणत. मला फर्रकन ओढायचे आणि सोडून द्यायचे, हा तिचा आवडता खेळ. असाच एकदा मी सटकन परत आलो, टोकाची वाकडी पत्र्याची जीभ डबीवर आपटून तुटली आणि पहिला इंच मुरगळून फाटला. मुंगीने भोकाड पसरले. सुताराने तो इंच कात्रीने सरळ कापून टाकला आणि तिला मांडीवर घेतले.

"एका इंचाने काय बिघडतं? आता मोजायचं आणि एक वजा करायचा. बारा आले तर किती?"

"अकरा," मुंगी नाक पुसत म्हणाली.

वजाबाकी ती माझ्यावरच शिकली. सुताराची बायको मात्र कुरकुरे. "अहो, नवा घ्या की. लोक हसतील."

"हसू देत. मला आणि मुंगीला ठाऊक आहे ना, बस झालं."

डबीवर दोन शब्द लिहून ठेवावेत, हे त्याला कधी सुचले नाही.

मुंगी मोठी झाली, नोकरीला लागली. मग तिची आई जिन्यावरून पडली आणि तिचे कमरेखालचे अंग कायमचे गेले. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जुने घर विकून लिफ्ट असलेल्या इमारतीत नवे घ्यायचे ठरले. तुला कसे घर हवे, असे मुंगीने आईला विचारले.

"कसंही चालेल गं. मला फक्त एकटीने बाथरूममध्ये जायचंय आणि आतून कडी लावायचीये. दोन वर्षं झाली, कोणी ना कोणी समोर उभं असतं."

चाकांची खुर्ची तिच्या अंगाच्या मापाने बनवून घेतलेली होती. सुताराने तिची रुंदी मोजली: पावणेसव्वीस इंच. "बाथरूमचं दार पूर्ण उघडायचं आणि मोकळी जागा मोजायची," तो म्हणाला. "सव्वीस पाहिजेच. त्याच्या खाली असेल तर घर सोन्याचं असलं तरी परत फिरायचं."

अकरा घरे तिघांनी मिळून नाकारली. बारावे बघायचे होते त्या दिवशी आईची दवाखान्यात तपासणी होती. सुतार तिच्याबरोबर गेला. मुंगी मला पर्समध्ये घालून एकटीच निघाली.

दारात एजंट उभाच होता. "या ताई. उजेड बघा आधी. असा उजेड आता कुठे मिळतो? घाई माझी काही नाही हो, पण पाच वाजता दुसरी पार्टी येतेय, ते चेक घेऊनच येतायत."

साडेचार वाजले होते. मुंगीने मला बाहेर काढले. "द्या, टोक मी धरतो," एजंट म्हणाला आणि त्याने माझे कापलेले टोक चौकटीला टेकवले. मुंगीने दुसऱ्या बाजूने वाचले, पुन्हा एकदा वाचले आणि फोन लावला.

"बाबा, साडेसव्वीस."

"नीट बघितलंस?"

"दोनदा."

"मग देऊन टाक टोकन."

मित्रांनो, टेपला आकडे असतात, आवाज नसतो. तिने दोनदा मोजले, हे खरे होते. दोन्ही वेळा ती एक वजा करायला विसरली. सुताराने विचारले नाही, कारण इतक्या वर्षांत ती कधी विसरली नव्हती. कागदपत्रे झाली, पण मोजलेले दार पुन्हा मोजायचे कोणाला सुचले नाही.

राहायला गेले त्या दिवशी आई स्वतः चाके फिरवत बाथरूमपाशी गेली. खुर्ची चौकटीत अडकली. सुताराने मला लावले. साडेसव्वीस. त्याचे ओठ हलले. साडेपंचवीस. पाव इंच कमी. त्याने मुंगीकडे पाहिले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चौकट फुगलेली दिसतेय," तो बायकोला म्हणाला.

भिंत तासता येईना. त्या इमारतीच्या साऱ्या भिंती ओतीव काँक्रीटच्या, भार त्यांच्यावरच. कोणती भिंत फोडता येते, हे टोकन देण्याआधी विचारायचे असते. दार बाहेर उघडावे तर स्वयंपाकाच्या ओट्याला अडे, सरकते करावे तर शेजारच्या दारावर येई. शेवटी आयुष्यभर दारे बसवणाऱ्या त्या माणसाने बायकोच्या बाथरूमचे दार चौकटीसकट उखडले आणि तिथे पडदा लावला.

"पडदा तर पडदा," आई म्हणाली. "वारा येईल."

ती आत असली की मुंगी रेडिओ मोठा करी. तरी पडद्याआडून आवाज येईच, "कोण आहे गं बाहेर?"

"कोणी नाही," मुंगी ओट्यापाशी उभी राहून सांगे.

आई त्या घरात तीन वर्षे जगली. कडी लावणे तिच्या नशिबी आले नाही. पुढच्याच वर्षी सुतारही गेला. त्या इंचाबद्दल तो मुंगीला शेवटपर्यंत एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते, असे मला वाटते.

आता घर विकायला काढले आहे. काल एक नवरा-बायको आले होते, एजंट तोच. "इथे दार का नाही?" बायकोने विचारले.

"बसवून देऊ की, मॅडम. अर्ध्या दिवसाचं काम."

मुंगीने मला पुढे केले. "हे तुम्ही स्वतः मोजून घ्या. याचा पहिला इंच नाहीये, तेवढा वजा करा."

"अहो, एका इंचाने काय होतंय," नवरा हसून म्हणाला आणि दोघे उजेड बघायला खिडकीपाशी गेले. मुंगीचा हात तसाच पुढे राहिला.

मित्रांनो, घर घ्याल तेव्हा घड्याळ दाखवणाऱ्या माणसासमोर मोजू नका. परत जा, पुन्हा मोजा, ज्याला तिथे राहायचे आहे त्याला घेऊन जा. आणि तुमच्याजवळ माझ्यासारखे काही मोडके असेल, तर आपल्याला ठाऊक आहे म्हणून गप्प बसू नका. त्यावर लिहून ठेवा. माझ्या डबीवर मुंगीने लिहिले आहे: एक इंच वजा. अक्षर ठळक आहे, लांबूनही दिसते. घरात ते वाचायला दुसरे कोणी नाही.