बिशपच्या पायांची बटणं

मित्रांनो, मी एक जुना आकडा आहे. पोलादाचा, हाडाच्या मुठीचा. बटण काजातून ओढून घेणं एवढंच माझं काम. इंग्लंडातल्या शेफील्डच्या कारखान्यात घडलो आणि लग्नाच्या आहेरातून विनिफ्रेडबाईंकडे आलो.

त्यांचे यजमान लॉर्ड ऑब्री, एका ड्यूकचे, म्हणजे बड्या इंग्रज सरदाराचे, धाकटे चिरंजीव. थोरल्याला जहागीर, मधल्याला पलटण, धाकट्याला चर्च, ही त्या घराण्याची रीत. आधी ते खाणकामगारांच्या गावात पाद्री होते, पुढे बिशप झाले. बिशपनं घोट्यापासून गुडघ्यापर्यंत काळी कापडी गेटर्स, म्हणजे पायांवरची घट्ट वेष्टणं, चढवायची असतात. बाहेरच्या अंगाला बटणांची लांब रांग. लॉर्डसाहेबांनी जन्मात स्वतःचं बटण लावलेलं नव्हतं. नोकराला बाजूला सारून बाई रोज सकाळी मला घेऊन खाली बसत.

"पाय हलवू नका हो, बिशपमहाराज! अख्खा प्रांत सांभाळता, एक पाय सांभाळवत नाही?"

"घोड्याला नाल ठोकतेस की काय?"

"घोडा परवडला. तो प्रवचन देत नाही."

बिशपच्या रुबाबाची सगळीकडे वाहवा होई. माझं नाव कोणी घेत नसे. बाईंचंही नाही.

एका हिवाळ्यात बाई न्यूमोनियानं गेल्या. दफनाच्या सकाळी घंटा वाजू लागली. घर सांभाळणाऱ्या मिसेस गॅरप म्हणाल्या, "द्या, मी लावते."

"नको. तिचं काम आहे ते. आज मी करीन."

त्यांनी डावं गेटर उजव्या पायात घातलं, उजवं डाव्यात. बटणं आतल्या अंगाला आली. मला दिसत होतं, पण सांगणार कसा? त्यांच्या बोटांत मी नुसता घसरत राहिलो. कशीबशी बटणं लावून ते उठले, तर बटणांत बटणं अडकली आणि ते दारातच कोसळले.

"लॉर्डसाहेब, शवपेटी निघाली हो!" गॅरपबाई रडू लागल्या.

"इतकी वर्षं ती खाली बसली, गॅरप. मी छताकडे बघत प्रवचन जुळवत असायचो."

गेटर्स ओरबाडून काढून ते नुसत्या मोज्यांवर बर्फातून शवपेटीमागे धावले. बडे लोक कुजबुजले. त्यांना ऐकू आलं नाही.

आता ते गेटर्स सोडून साधी लांब विजार घालतात. रोज मला खणातून काढतात, मुठीवरून अंगठा फिरवतात, परत ठेवतात. मला काहीच करता येत नाही.

मित्रांनो, तुमच्यासाठी कोणी रोज खाली वाकत असेल, तर ते माणूस आहे तोवर एकदा त्याच्या हातांकडे बघा.