तेवढाच झिजलेला

आमची व्हॅन लिटरला नऊ देते. मधूनच दहाची आशा दाखवते आणि पुन्हा नऊवर येऊन बसते. हे मी अंदाजाने सांगत नाही. टाकी तोंडापर्यंत भरायची, पुन्हा भरायची वेळ आली की मधल्या किलोमीटरना लिटरने भागायचं. माझे वडील दगडाच्या खाणीवर डंपर चालवायचे, त्यांची ही पद्धत. गाडीचं अ‍ॅव्हरेज आणि माणसाचा ताप अंगाला हात लावून सांगू नये, मोजून सांगावा, असं ते म्हणायचे.

आमचं दुकान आजारी माणसांच्या सामानाचं. डोकं वर करता येणारे पलंग, व्हीलचेअर, वॉकर, ऑक्सिजनची मशिनं, सगळं भाड्याने. नवरा माझा, म्हणजे आमचे हे, सामान घरोघर पोचवतात, जोडून देतात, आणि काम झालं की उचलून आणतात. मी गल्ल्यावर असते, आणि यांची कंबर धरली की गाडीवरही. आधीची व्हॅन साधी होती. पुढची दोन चाकं ओढायची, मागची दोन मुकाट मागून यायची. लिटरला चौदा द्यायची. टायर गेला तर एक टायर बदलायचा, विषय संपला.

ती म्हातारी झाली तेव्हा यांनी मला न विचारता ही आणली. ऑल-व्हील ड्राइव्ह.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"चारही चाकं ओढतात."

"आणि चारही चाकं पितात," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत जाणारा एक दांडा जास्तीचा. मागे गिअरची एक पेटी जास्तीची, तिचं तेल वेगळं, ते बदलायची वेळ वेगळी. ह्या सगळ्याचं वजन गाडी रिकामी असतानासुद्धा वाहायचं. आणि आमचं गाव कसं, तर नदीकाठचं, पोळपाटासारखं सपाट. गिऱ्हाइकं सगळी गावातली, डोंगर सगळे गावाबाहेर. मी असं काही बोलले की यांचं उत्तर ठरलेलं.

"चढाला मात्र एक नंबर आहे हं."

"कुठला चढ? दुकानासमोरचा गतिरोधक?"

त्यावर हे हसायचे आणि पानातलं संपवायचे. जेवताना, गाडी धुताना, पंपावर रांगेत उभं असताना, कधीही तेच वाक्य. चढाला एक नंबर आहे. मला वाटायचं, माणसाने चुकीची वस्तू घेतली की तो असाच तिची बाजू घेत बसतो.

चढ एकच होता मला माहीत असलेला, आणि त्याचं नाव आमच्या घरात काढायची सोय नव्हती. बंद पडलेल्या खाणीकडे जाणारा रस्ता. त्याच्या टोकाला आमचं लहानपणीचं घर, आणि त्या घरात माझी ताई.

आई गेली तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हते. ताईनेच मला न्हाऊमाखू घातलं, वाढवलं, लग्न लावून दिलं. स्वतः दवाखान्यात नर्स म्हणून राबली. ती निवृत्त झाली तेव्हा मी घरातली खालची खोली तिच्यासाठी रिकामी केली, भिंतींना रंग दिला, पडदे शिवले. ती आली, खोली बघितली आणि म्हणाली, छान आहे, पण मी वर राहणार. आपल्या घरी. मी म्हणाले, तिथे शेजार नाही, दिवे धड लागत नाहीत, पाय घसरला तर ओ द्यायला कोणी नाही. ती म्हणाली, आयुष्यभर लोकांच्या कण्हण्याने झोपमोड झाली, आता मला शांत झोपायचंय. शब्दाने शब्द वाढला. राग आमच्या दोघींच्याही नाकावर, वडिलांकडून आलेला. शेवटी मी म्हणाले, "त्या रस्त्याला गाडी चढेल तेव्हा येईन मी तुझ्याकडे. तोवर पाय ठेवणार नाही."

"नको येऊस," ती म्हणाली. "आमंत्रण कुणी दिलंय?"

त्याला दोन वर्षं उलटून गेली होती. मी गेले नाही, तिने फोन केला नाही. हे अधूनमधून म्हणायचे, "ताई बऱ्या आहेत." मी म्हणायचे, "मी विचारलं?" फोनवर बोलत असतील, असं धरून चालले होते. खरं सांगते, ते वाक्य कानावर पडलं की मला त्या दिवशी दोन घास जास्त जायचे. पण हे मी कुणाला दाखवून दिलं नाही.

तर टायर. गेल्या महिन्यात गाडीच्या मागच्या एका टायरला बाजूने चीर पडली. "फुटपाथला घासला," हे म्हणाले. मी गाडी घेऊन गॅरेजवर गेले. तिथल्या मेकॅनिकला सगळे गुरुजी म्हणतात, कारण साधा पाना मागितला तरी तो आधी धडा देतो.

"एक नवा टाक," मी म्हणाले.

"एक नाही चालत ह्या गाडीला, वहिनी. नवा टायर जाड, बाकीचे तीन झिजलेले. म्हणजे नव्याचा घेर मोठा, तो कमी फिरणार. गाडीला वाटणार, बाकीची चाकं घसरतायत. ती बिचारी सारखी इकडचा जोर तिकडे करत बसणार. आतला सांधा तापून तापून बाद होणार. चारही बदला."

"म्हणजे एकाला ठेच लागली की चौघांना नवे बूट?"

"नाहीतर मग जुना शोधायचा. बाकीच्या तिघांइतकाच झिजलेला. मिळाला तर मिळाला."

माझं डोकंच फिरलं. तेल जास्त, डिझेल जास्त, आणि आता टायरचे हे लाड. गुरुजीला म्हणाले, जुना शोध, आणि घरी येऊन जाहीर केलं की गाडी विकायची. गिऱ्हाईक तयारच होतं. आमच्या शेजारचा फुलवाला डोंगरातल्या बागांमधून फुलं आणतो, त्याला अशीच गाडी हवी होती. तो रविवारी येऊन बोलणं पक्कं करणार होता. आपण पुन्हा साधी घेऊ, मी म्हणाले, चौदा देणारी.

मला वाटलं, हे वाद घालतील. हे म्हणाले, "बरं."

मग बराच वेळ पानातल्या भाताला नुसती बोटं लावत बसले. "एवढा बुधवार जाऊ दे," म्हणाले. "मशिनं सर्व्हिसिंगला न्यायची आहेत."

दर बुधवारी दुपारी दुकान बंद असतं आणि हे मशिनं घेऊन सर्व्हिसिंगला जातात. कारखाना गावाबाहेर आहे, एवढंच मला माहीत. मी म्हणाले, जाऊ दे बुधवार, मला कसली घाई.

मंगळवारी गुरुजीचा निरोप आला, टायर मिळाला. कुणाची तरी ठोकलेली गाडी भंगारात आली होती, तिचा. त्याने टायरच्या खाचेत मापाची पट्टी घालून दाखवली, मग आमच्या टायरात घालून दाखवली. "बघा, तेवढाच झिजलेला. जुळे भाऊ." तो स्वतःवरच खूश होता. टायर चढवून झाल्यावर त्याने बाकीच्या तिघांच्या खाचा स्क्रू-ड्रायव्हरने कोरायला घेतल्या. खडे टपटप खाली पडायला लागले.

"वहिनी, गाडी कुठे डोंगरात नेता का?"

"छे, गावातल्या गावात."

मी सहज एक खडा उचलला. काळानिळा, धारदार, मधून पांढरी रेघ गेलेली. हा दगड मी आंधळी झाले तरी ओळखीन. आमच्या अंगणात ह्याच्याच चिपांचा सडा असायचा. माझ्या गुडघ्यात ह्याची एक चीप रुतली होती आणि ताईने ती सुईने काढली होती. मी रडू नये म्हणून ती स्वतःच मोठमोठ्याने ओरडत होती.

आधी मला राग आला, नेहमीप्रमाणे. बुधवारची मशिनं, फुटपाथला घासलेला टायर, लिटरला नऊ, सगळं एका दमात उलगडलं. आमच्या यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. मग आठवलं की दुकानातला एक वॉकर कित्येक महिने 'दुरुस्तीला' गेलेला आहे. तेव्हा मात्र राग कुठल्या कुठे गेला. ताईला वॉकर कशाला लागतो? आणि लागत असेल, तर रविवारी गाडी गेल्यावर ती तिथून खाली कशी येणार?

घरी मी काही बोलले नाही. बुधवारी दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि जाऊन गाडीत पुढच्या सीटवर बसले.

"तू?" हे म्हणाले.

"सर्व्हिसिंग कसं करतात ते बघते."

यांनी मागे वळून पाहिलं. मागे एकही मशीन नव्हतं, नुसता घडीचा पलंग आणि बांधायचे पट्टे. यांनी गाडी काढली. गाव संपलं, खाणीचा फाटा आला. यांनी गाडी सरळ पुढे नेली.

"वळण मागे राहिलं," मी म्हणाले.

यांनी ब्रेक लावला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि फाट्याला वळवली.

रस्ता पूर्वी होता त्याहून वाईट झाला होता. डांबराची नुसती आठवण, बाकी सगळी सुटी खडी. उभ्या चढावर पुढची चाकं खडीवर फिरली, गाडी जागीच थरथरली, मी दांडी घट्ट धरली. आणि मग मागून कुणीतरी पाठीला हात लावून ढकलावं तशी ती वर सरकली. शांतपणे, काही गाजावाजा न करता. आमची जुनी गाडी तिथेच हात टेकून परत आली असती. डिझेल किती जळत होतं देव जाणे. मी काट्याकडे बघायचंच टाळलं.

ताई पायरीवर बसली होती, बाहेर जायचे कपडे करून, मांडीवर पिशवी, शेजारी आमचा वॉकर. गाडी दिसली तशी तिने कपाळावर हात धरला आणि काचेतून आत बघितलं. मी उतरले. तिने माझ्या केसांकडे पाहिलं. किती वाळली होती. माझेही केस पिकले होते, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"आलीस," ती म्हणाली.

"काय झालं पायाला?"

"खुब्याला लागलं. पडले गेल्या वर्षी. जावईबापूंनी उचलून नेलं, ऑपरेशन केलं. आता दर बुधवारी व्यायामाला नेतात."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत! दोघांनीही!" माझा आवाज चढला, आणि चढता चढता फुटला. "मेली असतीस म्हणजे?"

"मीच शपथ घातली होती त्यांना. दयेपोटी आलेली नको होतीस मला. तू म्हणाली होतीस, गाडी चढेल तेव्हा येईन. गाडी तर चढायला लागली होती. म्हटलं, आज ना उद्या येशील." ताईने पिशवीचा बंद उगाच बोटाला गुंडाळला. "दर बुधवारी बघायची मी, पुढच्या सीटवर कोणी बसलंय का."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि रडले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "बास आता, उशीर होतोय. आणि आधीच सांगते, खाली राहायला मी येणार नाही."

"कोण बोलावतंय तुला!" मी म्हणाले.

ताईला पुढे बसवलं. मी मागे पलंगाच्या घडीवर, पट्टे धरून. उतारावर हे पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गाडी सोडत होते, अंड्यांच्या टोपल्या भरल्यासारखी.

"अहो," मी मागून म्हणाले, "पडल्याचं नाही सांगितलंत ते सोडा, शपथ होती. पण ही गाडी ह्या रस्त्यासाठी घेतली, हे तरी बोलायचं होतं."

"रोज तर बोलत होतो," हे समोर बघतच म्हणाले. "चढाला एक नंबर आहे म्हणून."

ताई खिडकीकडे तोंड करून हसत होती.

तिचा व्यायाम चालू असताना मी बाहेर बाकावर बसून फुलवाल्याला फोन लावला. गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. तो खट्टू झाला. म्हणाला, "का हो वहिनी, तुम्हीच तर म्हणत होता, अ‍ॅव्हरेज देत नाही?"

"नाहीच देत," मी म्हणाले. "पण चढाला एक नंबर आहे."